रेनेसाँ फेअरला सासूबाईंचं लुगडं

पाऊसपाणी

नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. विस्कॉन्सिनची हद्द ओलांडली की लगेच केनोशाजवळ ब्रिस्टल रेनेसाँ फेअर भरते. जुलैच्या सुरुवातीपासून लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार), शनिवार-रविवारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झाडीत लाकडी दुकानांचं एक गावच उभं केलंय आणि तिथे कायम १५७४ सालातला एकच दिवस चालू असतो. राणी एलिझाबेथ इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहराला भेट द्यायला आली तो दिवस. कलाकार राणी, दरबारी, खलाशी, धोबिणी होऊन फिरतात, घोड्यांवरून भाल्यांच्या लढती होतात, आणि बघायला येणारेही कितीतरी जण त्या काळचे कपडे करून येतात.

लेकीच्या (वय १०) मैत्रिणीचं कुटुंब दर उन्हाळ्यात जातं. यंदा तुम्हीही चला म्हणाले. सध्या सासूबाई आल्या आहेत, वय ७३, गाव वाईजवळ. त्या रोज लुगडंच नेसतात, इरकली. मैत्रिणीची आई प्रेमाने म्हणाली, आजींसाठीही काहीतरी कॉश्च्युम भाड्याने घेऊ. मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी नेसलेय की." लगेच लेकीनं धरलं, मलापण आजीसारखंच पाहिजे.

तेव्हापासून मनात खुटखुट आहे. सासूबाईंचं रोजचं नेसणं तिथे सोंग समजलं जाईल का? लोक फोटो काढायला पुढे आले तर त्यांना कसं वाटेल? आणि लेकीने ते 'वेश' म्हणून नेसणं योग्य का? शिवाय ऊन, चालणं आणि खाणं. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. ज्यांनी असा दिवस काढलाय त्यांनी सांगा.

घाटमाथा

बिनधास्त न्या. त्या उन्हात लोकरीचे झगे आणि कॉर्सेट घालून फिरणाऱ्या बायकांपेक्षा लुगड्यातली आजी शंभर पटीने सुखी असेल. माझी आजी त्याच वेशात भात लावायची, झाडावर चढून चिंचा झोडायची. कासोटा मारलेलं वस्त्र चालण्यासाठीच आहे. तो दिवस म्हणजे दहा ते सात नुसतं चालणंच असतं.

तिखटजाळ

राणीसमोर ७३ वर्षांच्या आजी उभ्या राहिल्या तर आधी वाकायचं कुणी? माझं मत आजींना. गंमत आहे, हलकं घ्या.

शेवंती

आम्ही मेरिलँडवाले. आमची फेअर १९७७ पासून चालू आहे, आता क्राउन्सव्हिलला भरते. आमच्याकडे आठवा हेन्री (एलिझाबेथचा बाप) असतो आणि दरवर्षी त्याच्या आयुष्यातला पुढचा भाग दाखवतात. (जाता जाता, भाल्यांची घोडेस्वारी हा मेरिलँडचा अधिकृत राज्यखेळ आहे, १९६२ पासून. माझ्या मुलाच्या शाळेतल्या प्रकल्पामुळे हे आमच्या घरात पाठ झालंय.)

कामाचं सांगते. सकाळी दार उघडताना पोचा. दहा ते बारा सावली असते, रांगा कमी असतात, कलाकार ताजे असतात आणि मुलांशी निवांत बोलतात. दुपारी एक ते तीन सावलीतल्या रंगमंचासमोर बसून काढा. टोपी, पाण्याची बाटली, धुळीसाठी एक ओढणी. पायात जुने, सवयीचे बूट. नव्या चपला अजिबात नकोत.

उन्हाला हलकं घेऊ नका. आम्ही एकदा दक्षिणेकडच्या एका फेअरला गेलो होतो, नाव घेत नाही. मी भाड्याचा मखमली झगा घातला, वर आवळून बांधलेली चोळी. दीड वाजता भाल्यांची लढत बघताना कानात शिट्टी वाजायला लागली आणि समोरचा घोडा पांढराच दिसायला लागला, होता तो काळा! शेजारच्या बाईने ओळखलं, माझ्या चोळीचे बंद सोडले आणि मानेवर ओला फडका ठेवला. ती बाई दिवसभर धोबिणीचं सोंग करणारी होती, फडका तिच्या बादलीतलाच. तिचं नावही विचारायचं राहिलं.

खाणं: भाजलेलं मक्याचं कणीस जवळपास सगळीकडे असतं, प्रेटझेल असतात, तळलेले बटाटे, चीज, फळं. पावाच्या वाडग्यातलं सूप घेण्याआधी विचारा, त्यात बहुधा मांसाचा रस्सा असतो.

करवंद

मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नये.

मला त्या फेअर आवडतात, पण एक गोष्ट टोचते. प्रत्येक ठिकाणी 'पूर्वेकडचा' एक तंबू असतो. त्यात मेंदी, घुंगरू, टिकल्या, पोट दाखवणारे घागरे, सगळं एकाच कढईत. मी साधी सलवार-कमीज घालून गेले तर दोघांनी मला विचारलं, तुझं नृत्य किती वाजता आहे? त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या गावात गोरा माणूस लोहार, सरदार, सुतार, भिकारी, काहीही असू शकतो, आणि मी फक्त नाचणारी. म्हणून वाटतं, आजींना लुगड्यात नेलं की त्या त्यांच्या नकळत देखावा होतील. साधी पँट-शर्ट घालून गेलं की निदान प्रेक्षक म्हणून मान असतो.

घाटमाथा

"साधी पँट-शर्ट घालून गेलं की"

७३ वर्षांच्या बाईला पँट-शर्ट?

करवंद

आजींना नाही हो, पाऊसपाणी आणि लेकीला म्हणत होते. आजींचा प्रश्नच अवघड आहे, म्हणून तर लिहिलं.

बारव

करवंद, तुमचं टोचणं रास्त आहे. पण इतिहास त्या तंबूपेक्षा मोठा आहे. १५११ साली आठव्या हेन्रीने वेस्टमिन्स्टरला भाल्यांच्या लढतींचा मोठा सोहळा केला. त्याची चित्रांची लांबलचक गुंडाळी शिल्लक आहे आणि तिच्यात घोड्यावर बसून तुतारी वाजवणारा एक काळा माणूस आहे, डोक्याला पागोटं गुंडाळलेला. जॉन ब्लँक त्याचं नाव, दरबारचा पगारी तुतारीवाला. म्हणजे ज्या खेळासाठी लोक फेअरला जातात, त्याच खेळाच्या चित्रात तो आहे. 'इथे तुमचं काय काम' असं कुणी म्हणत असेल तर त्याचा अभ्यास कमी आहे.

आता कपड्यांबद्दल, कारण ब्रिस्टल फेअरने नेमकं १५७४ निवडलंय. त्याच वर्षी जूनमध्ये एलिझाबेथने कुणी काय घालावं याचा जाहीरनामा काढला होता. जांभळं रेशीम आणि सोन्याच्या तारांचं कापड जवळपास राजघराण्यापुरतंच. खालच्यांनी मखमल कुठपर्यंत वापरायची, कुठली फर घालायची, सगळं ठरवून दिलेलं. त्याच्या ३ वर्षं आधी तर कायदाच झाला होता की ६ वर्षांवरच्या सामान्य माणसाने रविवारी आणि सणाला इंग्लंडात विणलेली लोकरी टोपी घातलीच पाहिजे, नाहीतर दंड. लोकर धंदा जगावा म्हणून! आज फेअरला जे कुणी भाड्याने जांभळा झगा घेतात, ते सगळे त्या काळच्या हिशेबाने गुन्हेगार आहेत.

तर अस्सलपणाची फूटपट्टी आजींना लावायची असेल तर आधी तिथल्या सगळ्यांना लावा. त्यात एक आजीच अशा असतील की ज्या स्वतःचे कपडे घालून आल्या आहेत.

मोगरा_दुपार

बारव, शेवटच्या वाक्याला +१. त्यांना जांभळी पैठणी मात्र नेसवू नका!

कोल्हापूरकर_तात्या

मी थोडं युद्धाबद्दल लिहितो, कारण धाग्यावर कुणीच लिहीना.

बहुतेक फेअरमधली भाल्यांची लढत बसवलेली असते, कोण पडणार हे ठरलेलं असतं. भाल्याचं टोक बाल्सा लाकडाचं, हलकं, ढालीवर आदळलं की ठिकऱ्या उडतात. पण घोडा खरा, चिलखत खरं, आणि पडणंही खरंच. पर्शेरॉनसारख्या दणकट जातीच्या घोड्याचं वजन ८००-९०० किलो, त्यावर २०-२५ किलोचं चिलखत घातलेला माणूस, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात भाला. समोरून तसाच दुसरा. मी लहानपणापासून आमच्या पेठेत मर्दानी खेळ बघत आलोय, दांडपट्टा चालवायला शिकलोय. पट्टा फिरवताना पवित्रा चुकला तर काय होतं ते माहीत असल्यामुळे त्या स्वारांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. लढत संपली की ते चिलखतात, घामाघूम, मुलांना घोड्याची मान थोपटायला देतात. ते चुकवू नका.

अजून एक. मी माझी शोभेची कट्यार कमरेला लावून गेलो होतो. दारावरच्या माणसाने ती म्यानासकट पट्टीने बांधून दिली, उपसता येऊ नये म्हणून. त्याला पीस-टाय म्हणतात. बांधताना त्याने विचारलं, ही मूठ अशी आडवी दोन दांड्यांची का? मी पकड दाखवली, मुठीत धरून थेट ठोसा मारल्यासारखं. मागे रांग खोळंबली, पण रांगेतलेही बघत होते. करवंद, मला कुणी नाचायला सांगितलं नाही. हातात शस्त्र असल्याचा फायदा असेल.

करवंद

तात्या, तोच तर मुद्दा आहे. पुरुष शस्त्र घेऊन गेला की योद्धा.

कोल्हापूरकर_तात्या

हे मात्र पटलं. यावर विचार करतो.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय, त्यामुळे मला हे वाचून हुरूप आला.

ज्या एलिझाबेथच्या राज्याचा हा खेळ आहे, तिच्याच राज्यातला थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट (कॅथलिक धर्मप्रसारक) १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. चाळीसेक वर्षं इथेच राहिला, इथेच वारला. आपली भाषा शिकला आणि दहा हजारांहून जास्त ओव्यांचं क्रिस्तपुराण मराठीत रचलं. ते १६१६ साली इथल्याच रायतूरला छापलं गेलं. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपण शाळेत पाठ केल्यात. तो इंग्लंडात असताना ओवी म्हणजे काय हे त्याच्या गावीही नव्हतं. इथल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्याच्या कानावर पडल्या असतील का, हा विचार मी कितीतरी वेळा केलाय. त्या बायका कशा दिसत असतील? तुमच्या सासूबाईंसारख्याच.

पुढे १५८३ मध्ये राल्फ फिच आणि त्याचे साथीदार लंडनहून निघाले, जवळ राणीचं अकबराच्या नावचं पत्र. वाटेत होर्मुझच्या बंदरात पोर्तुगीजांनी धरलं आणि गोव्याच्या तुरुंगात आणून टाकलं. त्यांना सोडवायला धडपडला तो हाच स्टीफन्स. सुटल्यावर ते पळाले आणि विजापूर, गोवळकोंडा करत उत्तरेला गेले. १५७४ सालच्या ब्रिस्टलच्या बंदरात हे कुणालाच माहीत नव्हतं, पण तिथल्या खलाशांच्या आयुष्यातच हे घडायचं होतं. म्हणून मला वाटतं, आजी त्या गावात परक्या नाहीत. फक्त पाच वर्षं लवकर पोचतायत.

मोगरा_दुपार

मांडवीकाठ, अंगावर काटा आला. एकनाथ महाराजसुद्धा त्याच काळातले ना? १५९९ ला समाधी, म्हणजे एलिझाबेथ गादीवर असतानाच. आपण दोन्ही इतिहास वेगवेगळ्या वह्यांत लिहिले म्हणून कधी जुळलेच नाहीत.

बारव

आणि १५७४ नंतर बरोबर १०० वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक, तिथेही इंग्रजांचा वकील हजर.

तिखटजाळ

अवांतर: फेअरमध्ये लोक टर्कीची भलीमोठी तंगडी हातात धरून राजासारखी खातात. टर्की मूळची अमेरिकेची, इंग्लंडात पोचून तेव्हा फार तर पन्नासेक वर्षं झालेली. शेवंतीने सांगितलेलं कणीसही अमेरिकेचं, बटाटाही. मिरचीपण तिकडचीच, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली. पाव त्यांचा, 'बटाटा' हा शब्दही त्यांचा. म्हणजे वडापाव हाच रेनेसाँचा खरा खाद्यपदार्थ आहे! कुणीतरी तिथे गाडी लावा रे.

मांडवीकाठ

बेसन आपलं आहे. तेवढं श्रेय सोडू नका.

सुगीचे_दिवस

सगळे इतिहासात शिरलेत म्हणून मी जमिनीवरचं लिहितो. आपल्या जत्रेत आणि या फेअरमध्ये फरक काय? पाळणे, लोहार, कुंभार, फुटाणे, धूळ, हरवलेली पोरं. सगळं तेच. आजी वाईजवळच्या, म्हणजे रंगपंचमीला बावधनचं बगाड बघितलेल्या असणार. त्यांना गर्दीचं आणि उन्हाचं तुम्ही काय शिकवणार?

शेवंती

सुगीचे_दिवस, जत्रेशी तुलना मलाही सुचली होती, पण फरक मोठा आहे. जत्रेला देव असतो. भैरवनाथ नसेल तर बगाड नाही. इथे मधोमध कुणीच नाही, लोकांनी ठरवून केलेला खेळ आहे. तो सुरूही तसाच झाला. १९६३ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये फिलिस पॅटरसन या शिक्षिकेने आणि तिच्या नवऱ्याने, रॉनने, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या एका रेडिओ केंद्रासाठी पैसे जमवायला पहिली फेअर भरवली. त्याआधी ती घरामागच्या अंगणात मुलांना जुनी इटालियन नाटकं शिकवायची. अंगणातल्या पोरांच्या नाटकातून हे सगळं वाढलंय.

सुगीचे_दिवस

देव नसला तरी पोरं आहेत ना. चालतंय.

पाऊसपाणी

सगळ्यांचे मनापासून आभार. करवंद, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला, कारण माझी भीती नेमकी तीच होती. येत्या रविवारी जातोय. सासूबाई लेकीसाठी चिरडी बेततायत. मला हा शब्दच माहीत नव्हता, मुलींच्या छोट्या लुगड्याला म्हणतात म्हणे. परत आल्यावर लिहिते.

पाऊसपाणी

जाऊन आलो. दोन दिवस पाय शेकले, आता लिहिते.

दहाला दारात होतो. सासूबाईंनी ठेवणीतलं इरकल काढलं होतं, गर्द हिरवं, लाल पदराचं, वर खणाची चोळी. पायात माझे चालायचे बूट, ते त्यांना फारच आवडले. लेक चिरडीत. मी साध्या कपड्यांत.

लोकांनी पाहिलं का? पाहिलं. सुरुवातीला मी प्रत्येक नजर मोजत होते. अकराच्या सुमारास राणीची मिरवणूक आली, तुतारी, ढोल, सगळे बाजूला होऊन ओरडतायत. मागच्या दरबारी बायकांपैकी एक सासूबाईंसमोर थांबली, गुडघ्यात वाकून नमस्कार केला आणि त्या जुन्या ढंगाच्या इंग्रजीत विचारलं, आपण कोणत्या देशाहून आलात? लेकीने सांगितलं, वाईहून. ती म्हणाली, मग समुद्रावर किती महिने काढलेत? लेकीने आजीला मराठीत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "इमानानं आले म्हनाव." आता १५७४ मध्ये विमान कसं सांगायचं? लेक क्षणभर अडखळली आणि म्हणाली, आजी हवेतून आली. त्या बाईने डोळे मोठे करून पुन्हा वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. तिला ते काय आहे कळलं नसेल, पण ती सोंगातून बाहेर आली आणि नुसतीच हसली.

भाल्यांची लढत सासूबाईंनी एकाग्र होऊन पाहिली. घोड्याला पाणी दिलं का, एवढंच दोनदा विचारलं. तात्या, मान थोपटली.

पण मला सांगायचंय ते दुपारचं. एका पडवीत एक म्हातारी बाई लहान मागावर विणत होती. सासूबाई तिथे बसल्या त्या उठेचनात. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. त्या बाईने बोटानेच विचारलं, हात लावू का? मग पदर हातात घेऊन तिने उलटा केला. लाल पदर जिथे हिरव्या अंगाला मिळतो तिथे ती थांबली. अंगठ्याच्या नखाने ती जोडाची ओळ हळूहळू चाचपत गेली, मग चष्मा वर सारून अगदी डोळ्याजवळ धरला. मला म्हणाली, हे शिवलेलं नाही, इथे दोन ताणे एकमेकांत अडकवलेत, प्रत्येक धाग्याचा फास. इतकी वर्षं मी ते लुगडं वाळत घालतेय, घड्या घालतेय, मला तो जोड कधी दिसला नव्हता. मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "टोपतेणी म्हनत्यात. ती नसंल तर इरकल न्हवं ते." विणकरीण बाईने तो शब्द तीनदा म्हणवून घेतला आणि खडूने मागाच्या चौकटीवर लिहिला.

शेजारून कुणीतरी विचारलं, तुमच्या आजीचा कॉश्च्युम कुठे मिळाला? मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, हे तिचे कपडे आहेत. माझा कॉश्च्युम आहे.

कणसं खाल्ली, तिखट-मीठ पर्समध्ये नेलं होतं. साडेपाचला निघालो.

करवंद

पाऊसपाणी, वाचून डोळे भरले. माझं म्हणणं मी पूर्ण मागे घेत नाही, तो तंबू मला यापुढेही टोचेल. पण मी माझ्या आईला पुढच्या मोसमात नेणार आहे, आणि त्या तंबूच्या बाजूला न जाता मागवालीकडे. पडवी कुठल्या बाजूला होती ते नक्की सांगा.

बारव

'हे तिचे कपडे आहेत, माझा कॉश्च्युम आहे.' तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या दोन्ही प्रश्नांना लेकीने उत्तर दिलं.

मोगरा_दुपार

चिरडी कशी बेतली ते लिहा ना. माझी मुलगी आठ वर्षांची आहे.

पाऊसपाणी

करवंद, तुम्हाला वेगळा निरोप टाकलाय.

मोगरा_दुपार, सासूबाईंना विचारून लिहितेय. त्यांचं एक जुनं सुती लुगडं मधोमध विरलं होतं. विरलेला भाग कापून काढला आणि उरलेले दोन तुकडे दांड घालून जोडले. लांबी मुलीच्या उंचीवर, त्यांनी लेकीला उभी करून स्वतःच्या हाताने मोजली, वितीत. दांड कमरेच्या मागे निऱ्यांत जाईल असा धरायचा, म्हणजे दिसत नाही. पदर खांद्यावर टाचणीने नको, खोचून घट्ट करा. लेक दिवसभर पळली, एकदाही सुटलं नाही.